अर्ध्यावर थांबणारी धून

शेठ नावाच्या उंदराचा पिंजरा पोटाशी धरून ती प्रयोगशाळेत शिरली, आणि दारातच थिजली.

टेबलाखालून कुणीतरी गुणगुणत होतं.

तसं बघायला गेलं तर त्यात घाबरण्यासारखं काय होतं? उंदरांच्या प्रयोगाच्या पेटीचा स्पीकर बंद पडला होता, तिनेच दुरुस्तीवाल्याला फोन लावला होता, आणि टेबलाखालून जे दोन बूट बाहेर आले होते ते त्याचेच असणार. पण तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोंडात धुळीची चव आली... खरोखरीची, दातांखाली करकरणारी.

धून मध्येच तुटली. बुटांमागून पाय आणि पायांमागून एक विस्कटलेलं डोकं बाहेर आलं.

“घाबरलात?”

“उंदरांमध्ये दिवस काढणारी बाई तुम्हाला घाबरणार होय?”

“नाही, पिंजरा हलतोय म्हणून विचारलं.”

“तो... तो उंदीर हलतोय.”

त्याने पिंजऱ्यात पाहिलं. शेठ अगदी निवांत बसून मिशा पुसत होता.

“हो, फारच धिंगाणा चाललाय त्याचा,” तो गंभीरपणे म्हणाला, आणि हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडली. आता एकाच गालावर खळी पडणारा माणूस भेटला की शहाण्या मुलीने तिथून काढता पाय घ्यावा. हिने घेतला नाही.

तिचं काम काय, ते आधी सांगायला हवं. पेटीत उंदीर ठेवायचा. एक बारीक सूर वाजवायचा आणि लगेच पायाखालच्या जाळीतून हलका झटका द्यायचा. एकदोनदाच. पुढे नुसता सूर वाजला तरी उंदीर जागच्या जागी दगड होतो, श्वाससुद्धा चोरून घेतो. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक गोळा असतो. त्याने असलं काही एकदा धरलं की धरलं, आणि धरताना तो आपल्याला विचारतही नाही. मग पुढे कितीतरी दिवस उलटं करायचं. सूर वाजवायचा, पण झटका द्यायचा नाही, वर नळीतून साखरेचं पाणी पाजायचं. जुनी भीती पुसली जात नाहीच, तिच्यावर हळूहळू गोडाचा थर बसतो. शेठच्या बाबतीत तो बसायला फार वेळ लागला. पण एकदा बसल्यावर गडी सूर वाजायच्या आत नळीपाशी हजर! म्हणून तर त्याचं नाव शेठ.

तर उंदीर कसा थिजतो, हे ती रोज बघत होती. त्यामुळे दारात आपलं काय झालं ते तिला बरोब्बर कळलं. कळलं नाही ते एवढंच, की आपल्याला झटका बसला होता कधी?

पेटी दुरुस्त झाली, आणि आठवड्याभरात पुन्हा रुसली. मग पुन्हा एकदा.

“तुम्ही एक वायर मुद्दाम सैल ठेवून जाता ना?”

“छे हो! मी तसला माणूस वाटतो का?”

“वाटता.”

“मग ठेवत असेन.”

पेटीचं यंत्र शेजारच्या खोलीत होतं आणि मधल्या भिंतीत तारा ओढायला एक चौकोनी भोक ठेवलेलं होतं. तो पलीकडे बसून काम करायचा, ती अलीकडे. त्या भोकातून गप्पा चालायच्या. काम संपलं की जिन्यात चहा. तिचा डावा हात नेहमी एप्रनच्या खिशात असायचा. करंगळी वाकडी होती तिची, लोक बघतात म्हणून लपवायची सवय.

“त्या खिशात काय दडवलंय एवढं?” त्याने एकदा विचारलं.

“उंदीर.”

“मला वाटलं, माझ्यासाठी बिस्किट.”

तो तिला आवडत होता. आडपडदा कशाला, अगदी मनापासून आवडत होता. तो यायचा त्या दिवशी ती आरशापुढे जरा जास्तच वेळ रेंगाळायची. पण भिंतीपलीकडून ती धून सुरू झाली रे झाली, की हातपाय गार पडायचे. भोकाच्या त्या काळ्या चौकोनाकडे बघवत नसे. खोलीतला उजेड तोच असायचा, तरी अंधारून आल्यासारखं वाटायचं. बरं, त्याला थांबा म्हणावं, तर तेही नको वाटायचं...

आणि दर वेळी तो एकाच जागी थांबायचा. अर्ध्यावर.

“पुढचं का नाही म्हणत?” एका दुपारी तिने भिंतीतून विचारलं.

“पुढचं माझं नाही.”

“म्हणजे?”

पलीकडे स्क्रू पिळल्याचा आवाज येत राहिला. तिच्या ओठांतून आपोआप एक ओळ बाहेर पडली. गुणगुणतच, पण सलग, पुरी. त्याची धून जिथे तुटायची, तिथूनच ती उचलली गेली होती.

पलीकडे काहीतरी खणकन पडलं.

तो दारात आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता.

“हे... तुम्हाला कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही. आलं आपोआप.”

“ते येऊच शकत नाही. ते एकाच मुलीला येत होतं.” तो एक पाऊल मागे सरला. “आणि ती या जगात नाही.”

हत्यारांची पिशवी तिथेच टाकून तो निघून गेला. ती एकटीच उभी राहिली, आणि तिला स्वतःच्याच गळ्याची भीती वाटली.

घरी ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. आई गेल्यापासून तीच हिची आई. सगळं ऐकून तिने नेहमीचा निकाल देऊन टाकला.

“अंगावर काटा येतो म्हणतेस ना? मग विषय संपला. नाद सोड त्याचा. अंगाला आधी कळतं.”

“काय कळतं, तेच तर कळत नाही ना ताई! ऐक तरी.” आणि तिने ती धून म्हणून दाखवली.

ताईच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“कुठून काढलीस परत? दवाखान्यात बेशुद्धीत हेच म्हणायचीस तू.”

अपघाताच्या त्या दिवसातला तिला फक्त जिना आठवत होता. चौकाखालच्या भुयारी रस्त्याचा, खाली उतरत जाणारा. त्यानंतर थेट दवाखान्याचं छत, आणि पट्टीत बांधलेली करंगळी. मधे भुयार कोसळलं, हे तिला लोकांनी सांगितलं. ती अजूनही चौकाला भलामोठा वळसा घालून जायची.

“ढिगाऱ्यापलीकडून कुणीतरी हात धरून गात होतं, असं तू सारखी बडबडायचीस,” ताई हळूच म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, भास आहे. तिथे दुसरं कुणी सापडलंच नव्हतं. म्हटलं, विसरलीयेस ते बरंच आहे. कशाला आठवण करून द्या...”

“ताई, तो गाणारा भुयाराच्या दुसऱ्या तोंडाने बाहेर निघाला असेल तर?”

ताईने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या या गुणी मुलीने काय केलं असेल? पक्कड घेतली आणि पेटीची वायर सरळ तोडून टाकली. मग फोन लावला. “पेटी बंद आहे. आणि तुमची पिशवी इथेच आहे. दुसऱ्या कुणाला पाठवलंत तर मिळणार नाही.”

तो आला, पण तिच्या खोलीत पाऊल टाकेना. परस्पर शेजारच्या खोलीत गेला. तिला त्याची चाहूल ऐकू येत होती. आपण चुकत असलो तर तो पुन्हा कधीच येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने डावा हात खिशातून काढला आणि भिंतीच्या भोकात कोपरापर्यंत घातला.

पलीकडे सगळे आवाज थांबले.

आत हवा गार होती. मग कुणाची तरी बोटं तिच्या तळहाताला लागली, घाबरत घाबरत, आणि एकेक बोट चाचपत करंगळीपाशी येऊन थांबली.

“एवढंच होतं माझ्याकडे,” भिंतीतून आवाज आला, फाटका. “अंधार होता. चेहरा दिसला नाही. फटीतून एक हात. करंगळी मोडलेली. तिला झोप लागू नये म्हणून मी सुचेल ते गात होतो. पुढचं सुचेना, तर तिने पलीकडून पुरं केलं. मग तिचा हात गार पडला... मला ओढून काढलं तेव्हा म्हणाले, त्या बाजूचं कुणी वाचलं नाही.”

“मला म्हणाले, त्या बाजूला कुणी नव्हतंच.”

“तू... खरंच आहेस ना?”

“चिमटा काढून बघ.”

त्याने काढला. “आई गं!” ती ओरडली, आणि पलीकडे तो हसला की रडला, ते तिला नीटसं कळलं नाही.

“मी गुणगुणलो की तू घाबरायचीस. मला दिसायचं.”

“अजूनही घाबरते. ते जाणार नाही एवढ्यात. पण माझ्याकडे एक उपाय आहे, खात्रीचा. तू रोज यायचंस, रोज गायचंस, आणि दर वेळी मला काहीतरी गोड मिळालं पाहिजे.”

“साखरेचं पाणी?”

“मी काय शेठ आहे?”

“मग मीच चालेन का? कायमचा?”

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. बरं झालं, मधे भिंत होती.

“आधी गा,” ती म्हणाली.

त्याने सुरुवात केली. लगेच तिच्या अंगावर काटा आला. जिभेवर धूळ आली, डोळ्यांपुढे तो खाली उतरणारा जिना आला. हात ओढून घ्यावा आणि पळत सुटावं, असं अंगातला कण न् कण सांगत होता. तिने हात ओढला नाही.

तो नेहमीच्या जागी थांबला. भिंतीपलीकडे वाट बघत राहिला.

मग थरथरत, एकदोनदा चुकत, पण शेवटपर्यंत, तिने तिची ओळ म्हटली.