एकशे बारानंतरचं पान

चष्मा त्याला स्वतःसाठी नको होता, म्हणे. मित्रासाठी चौकशी करायला आलोय, असं तो दुकानात शिरता शिरताच म्हणाला, आणि ती मान खाली घालून हसली. नऊ वर्षं ती या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवत होती. चाळिशीकडे झुकलेली माणसं आधी मित्रालाच पुढे करतात, हे तिला पाठ होतं. तिने जवळचं वाचायचा तक्ता त्याच्या हातात दिला. त्याने हात इतका लांब केला की तक्ता जवळजवळ रस्त्यावर गेला.

"तुमच्या मित्राचे हात बरेच लांब दिसतात," ती म्हणाली.

तो ओशाळला. तक्त्यावरचा मजकूरच कंटाळवाणा आहे, अशी त्याने सबब सांगितली. मग तिने काउंटरखालचं, वाचनालयातून आणलेलं पुस्तक काढून दिलं, आदल्याच दिवशी संपवलेलं. त्याने अक्षरांकडे पाहिलंच नाही. पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि हलकेच म्हणाला, "हे मी बांधलंय."

म्हणजे वाचनालयाची फाटकी पुस्तकं दुरुस्त करणारा बाइंडर तो हाच. मग आत काय आहे ते माहीत असेल, असं तिने विचारलं, तर म्हणाला, "मी पुस्तकं शिवतो. वाचत नाही."

हे वर ऐटीत. तिला राहवेना. त्याचा नंबर काढता काढता तिने त्याला सगळी गोष्ट ऐकवली. नंबर काढायला इतका वेळ तिला आजवर कधी लागला नव्हता.

तिची एक गंमत होती. दहावीनंतर शाळा सुटली आणि वाचनही सुटलं. भिंगांच्या पाकिटांवरचे आकडे वाचायची, तेवढंच. या वर्षाच्या सुरुवातीला जेवताना तिने जाहीर केलं, की वर्ष संपायच्या आत बारा पुस्तकं वाचणार. दादाला ठसका लागला. वहिनीने विचारलं, "वन्सं, बारा महिन्यांत की बारा वर्षांत?" झालं. तेव्हापासून ती हट्टाला पेटली होती. पुस्तक संपलं की भिंगाच्या रिकाम्या पाकिटावर दोन ओळी लिहायची. पहिलं: बाई फार सोसते, एकदा तरी ताट आपटायला हवं होतं. चौथं: लेखकाला डोंगर फार आवडतो, मला तिसाव्या पानापर्यंत आवडला. सहावं: रडले, का ते लिहिणार नाही. आणि हे सातवं... याला तीन पाकिटं लागली होती.

चष्मा तयार झाला त्या दिवशी तिने तो स्वतः त्याच्या नाकावर बसवला, कानामागे काडी जराशी वाकवली. तो पुतळ्यासारखा उभा.

"श्वास घेतलात तरी चालेल. त्याने नंबर बदलत नाही."

"घेतोय की."

"काय दिसतंय?"

"वाटलं होतं त्याहून... बरंच छान," तो म्हणाला. तक्ता तर त्याच्या हातात होता, आणि तो तक्त्याकडे बघत नव्हता. तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला तो पडलाच; शोधायला दोघंही वाकले नाहीत.

त्यानंतर चष्म्याचा स्क्रू दर चार दिवसांनी ढिला व्हायला लागला. सुरीच्या टोकाने ढिला केलेला स्क्रू तिला ओळखू यायचा. तरी प्रत्येक वेळी ती तो थोडा आणखी सावकाश पिळायची, आणि तेवढ्यात आठवं पुस्तक, मग नववं पुस्तक सांगून व्हायचं. न वाचणारा माणूस ऐकायला फार चांगला असतो, असं तिच्या लक्षात आलं.

नववं झालं तेव्हा ग्रंथपालबाईंनी तिला वाचकांच्या मेळाव्यात बोलायला सांगितलं. तिने क्षणाचाही विचार न करता सातवं निवडलं. दादाने शर्टला दोनदा इस्त्री केली. वहिनीने आख्ख्या गल्लीला निमंत्रण दिलं.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी तो आला. आज स्क्रू घट्ट होता. काखेत दोन पुस्तकं, आणि चेहरा पडलेला. बसा म्हटलं तरी बसला नाही. निवृत्त हेडमास्तर सकाळी एक पुस्तक परत घेऊन आले होते म्हणे: घड्याळं दुरुस्त करणारा माणूस मध्येच होडी वल्हवायला लागतो, हा काय प्रकार? बाइंडरने चष्मा लावून ते पुस्तक आणि तिचं सातवं शेजारी शेजारी उघडलं, आणि घोटाळा लक्षात आला. दोन कादंबऱ्या, एकाच आकाराच्या, दोन्हींची वेष्टणं गळलेली. एकशे बारा पानांपर्यंत एक, पुढे दुसरी. तिच्या पुस्तकात असं, आणि हेडमास्तरांच्या पुस्तकात नेमकं उलट.

"माझ्या हातून झालं. चष्मा लागलाय हे कबूल करायचं नव्हतं तेव्हा," तो म्हणाला. "सांगू नये असंही वाटलं... तुम्ही पुन्हा बोलला नसतात माझ्याशी. पण तिथे उभं राहून तुम्ही सांगाल, आणि कुणी हसलं, तर ते मला बघवणार नाही."

तिचे कान तापले. दोन अर्धवट गोष्टी एक समजून वाचल्या, आणि वर तीन पाकिटं भरून लिहिलं. वहिनीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. बोलायला जाऊच नये, पोट दुखतंय सांगावं... तेवढ्यात तो म्हणाला, चूक माझी आहे हे मीच सगळ्यांना सांगतो.

"तुमची चूक तुम्ही सांभाळा," ती म्हणाली. "वाचलंय मी."

संध्याकाळी वाचनालयाची खोली भरली होती. हेडमास्तर पहिल्या रांगेत. ती उभी राहिली, पुस्तक छातीशी धरून.

"हे पुस्तक जगात कुठेच नाही," ती म्हणाली, "पण मी ते वाचलंय."

लोक हसले. तिने हसू दिलं. मग बांधणीतला घोटाळा सांगितला आणि गोष्टीवर आली. नावाडी नदीत उडी घेतो. पान उलटलं तर एक माणूस गावात घड्याळं दुरुस्त करतोय, नाव वेगळं. तिला वाटलं, तोच नाव बदलून राहतोय. "हा माणूस पुढे एकदाही नदीचं नाव काढत नाही. शेवटच्या पानापर्यंत मी वाट बघत होते. किती लागलं असेल त्याला, की नदी म्हणवतही नाही. आज कळलं, त्याने नदी कधी पाहिलीच नव्हती. तरीही मला त्याचं वाईट वाटायचं थांबत नाही."

कुणी हसलं नाही. हेडमास्तरांनी घसा साफ केला. मी नुसताच चिडत बसलो, ते म्हणाले, ही प्रत आहे तशी मला हवी. त्यांच्यामागे आणखी तिघांनी नावं नोंदवली. आणि वहिनी शेजारणीला सांगत होती, "आमच्या वन्सं," जणू बाराखडी तिनेच शिकवली होती.

लोक पांगल्यावर तो पायऱ्यांवर तिच्याजवळ आला. पुस्तकं उसवून नीट बांधू का, असं त्याने विचारलं. हात लावायचा नाही, ती म्हणाली; सातवं ते सातवंच.

"तसं बघितलं तर... आपणही दोन अर्धी—"

"हे वाक्य तिसऱ्या पुस्तकात होतं. तिथेही आवडलं नव्हतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग एकदम सुरू झाला. घर लहान आहे पण खिडकीत उजेड चांगला येतो, वाचायला बरं पडेल. आई जिना चढत नाही म्हणून तळमजला. कपाट त्याने स्वतः केलंय, पुस्तकांसाठी, बारा तर सहज मावतील, पुढच्या वर्षीची चोवीस पण... आणि तो थांबला.

"मधली काही पानं गळलीत," ती म्हणाली.

"कुठली?"

"ज्यात तुम्ही मला विचारता."

त्याचे कान लाल झाले. त्याने विचारलं, नीट, सुरुवातीपासून, एकही शब्द मागेपुढे न करता. आणि ती "हो" म्हणाली, खालच्या पायरीवर थांबलेल्या वहिनीला स्वच्छ ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.