विकायच्या घरातला स्वयंपाक

“या, या! चपला काढल्या नाहीत तरी चालेल. हे बघा, सकाळचं ऊन थेट या कोपऱ्यापर्यंत येतं. आणि हवेशीर तर इतकं… फार आनंदी माणसं राहायची हो इथे!”

हे सगळं मी स्टुलावर चढून, दाराकडे पाठ करून, पडद्याच्या कड्या दांडीत ओवता ओवता बोलले. किल्लीने दार उघडल्याचा आवाज आला होता. मला वाटलं, एजंटने गिऱ्हाईक वेळेआधीच आणून सोडलं.

“हो का?” मागून आवाज आला. “मी इथेच लहानाचा मोठा झालो. मला कुणी सांगितलं नाही.”

मी गर्रकन वळले. स्टूल डुगडुगलं. त्याने ते पटकन पायाने दाबून धरलं… पायाने, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. उंच, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. हसत नव्हता, पण हसू दाबून धरलंय हे कळत होतं.

“मालक तुम्ही?”

“मालकाचा मुलगा.”

“मग बेल वाजवायची ना!”

“स्वतःच्या घराची?”

मी पुन्हा कड्या ओवायला लागले. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, मावशीला विचारा. मी तिच्याकडे राहते आणि ती म्हणते, माझ्या जिभेला हाड नाही.

माझं काम तसं गमतीचं आहे. घर विकायला काढलं की ते भकास दिसतं. भिंतींवर फोटोंचे चौकोन, फरशीवर कपाटाच्या पायांचे डाग. तिथे मी जाते. पडदे लावते, उशांना अभ्रे घालते, जुन्या बाटल्यांत फुलं ठेवते, आणि लोक बघायला यायच्या जरा आधी स्वयंपाकघरात लोण्यात कांदा परतायला घेते. त्या वासाने भलेभले पाघळतात. नियम एकच, मालकांची एकही खूण ठेवायची नाही. येणाऱ्याला त्याचं स्वतःचं घर दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही.

तो हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात गेला. शोभेसाठी ठेवलेल्या पावाचा तुकडा मोडून त्याने मंद आचेवर ठेवलेल्या कांद्याच्या कढईत बुडवला आणि तोंडात टाकला.

“मीठ नाहीये.”

“अहो, ते खायला नाहीच! वासासाठी आहे.”

“म्हणजे आमच्या घरात खोटा स्वयंपाक चाललाय?”

“स्वयंपाक खराच आहे. जेवण तेवढं खोटं.”

आता मात्र तो हसला. आणि लगेच थांबला, आजाऱ्याच्या खोलीत चुकून हसल्यासारखा. मला त्या थांबण्याचं फार वाईट वाटलं. खरं सांगू? तिथेच माझं काहीतरी घसरलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मी त्याला लिफ्टवाला म्हणायला लागले, तो मला कांदेवाली. घर त्याने रिकामं करून दिलं होतं, तरी त्याचं काही ना काही राहिलेलं असायचं. आज काय, तर दिवा बदलायचा राहिला. उद्या खिडकीची कडी. परवा हातात काहीच नाही, नुसताच दारात उभा.

“आज काय बिघडलंय?” मी विचारलं.

“बघतो… काहीतरी सापडेलच.”

“मी सैल करून ठेवते एखादा खिळा.”

“त्यापेक्षा मीठ घाला. रोज अळणी खातोय मी.”

दुसऱ्या दिवशी मी मीठ घातलं. तो खाऊन म्हणाला, “आई शेवटी चिमूटभर साखर टाकायची. कांदा लालबुंद व्हायचा. बटाट्याच्या सूपवर तो घालायची. बाबांना तेवढं दिलं की दुसरं काही नको असायचं.”

बाबांचं त्याने हळूहळू सांगितलं, कढईकडे बघत. आई गेली आणि बाबांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली. गॅस चालू ठेवून झोपायचे. एकदा पडदा पेटला. हा दिवसभर कुठल्या तरी इमारतीत, लिफ्टच्या खड्ड्यात. शेवटी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. घर विकलं तरच तिथली कायमची सोय होणार होती.

“आणि तिथे ते जेवत नाहीत,” तो म्हणाला. “ताट समोर आलं की बाजूला सारतात आणि दाराकडे बघत बसतात. अंगावर मांस राहिलं नाहीये हो. सिस्टर म्हणाल्या, असंच चाललं तर मनाची तयारी ठेवा.”

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही. कांदा करपला, तो बघायला कुणाला सुचलंच नाही.

त्यानंतर मी नियम मोडला. माळ्यावर त्याच्या आईने शिवलेली तुकड्यांची चादर सापडली. निळा, विटकरी, पिवळा… कुणाचा शर्ट, कुणाचा फ्रॉक, सगळं जोडून केलेली. टाकून द्यायला हवी होती. मी ती धुतली आणि पलंगावर पसरली. मग त्याला विचारत सुटले. टेबल कुठे होतं? खिडकीखाली. खुर्च्या? दोनच, समोरासमोर. पेले कशात? दाराजवळच्या फळीवर, उलटे. मी एकेक तसंच मांडत गेले. मला वाटत होतं, मी घर सजवतेय. खरं तर मी त्याला खूश करत होते, दुसरं काय!

गंमत म्हणजे घर त्यामुळेच विकलं गेलं. एका जोडप्याने बघताक्षणी पसंत केलं.

“उद्या सामान हलवायचं,” तो म्हणाला. खुर्चीत बसून चादरीवरून हात फिरवत होता. “आई आतून येईल असं वाटतंय. तू… तुम्ही कसं केलंत हे?”

“तू चालेल,” मी म्हणाले. माझे कान तापले होते. आणि त्याच भरात मी बोलून गेले, “मग आज बाबांना आण ना इथे. एकदा बघू दे. मी सूप करते. इथे बसून जेवतील कदाचित.”

कुणी थोबाडीत मारून मला गप्प करायला हवं होतं.

तो त्यांना घेऊन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. कांद्यात साखर नुकतीच पडली होती. दार उघडलं, काठी वाजली. मी डोकावले नाही. नंतर खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि एक म्हातारा, स्वच्छ, अगदी रोजचा आवाज.

“अगं, झालं का? भूक लागलीय.”

बाहेर तो काही बोलेना. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. पुन्हा हाक आली, “अगं ए…”

“झालं,” मी आतून म्हणाले. “हात धुऊन घ्या.”

ते हात धुऊन बसले. सूपचा वाडगा लिफ्टवाल्याने आतून नेऊन ठेवला. बाबा जेवले. वाडगा पुसून घेतला, पाव मागून घेतला, पुन्हा सूप मागितलं. मी दाराआड उभी राहून तोंडात पदर, म्हणजे ओढणीच कोंबली होती. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

“चला बाबा, आता निघू,” तो म्हणाला.

“निघू? कुठे?”

“तिकडे… तुमच्या खोलीवर.”

“ही काय माझी खोली. आणि ती आत एकटी आहे. वेडा झालास की काय?”

तो समजावत राहिला. बाबा चिडले, मग घाबरले. त्यांनी टेबल घट्ट धरलं. खाली गाडी थांबली होती, आश्रमातला मदतनीस वर आला आणि दोघांनी मिळून त्यांना उठवलं. तेव्हा ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले.

“अगं, सांग ना यांना! बाहेर ये! हे मला नेतायत बघ!”

मी बाहेर गेले नाही. ओरडणं जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी गॅसच्या ओट्याला धरून उभी राहिले.

तो तासाभराने परत आला. दारातूनच म्हणाला, “तू उत्तर द्यायला नको होतंस.”

“आणि तू गप्प का बसलास? साखर घाल कुणी सांगितलं होतं मला?”

“मला वाटलं, तुझं काम आहे. कामाला वास हवा असतो.”

“काम!” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “हे काम होतं का? डोळे आहेत का तुला?”

तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी चादर, खुर्च्या, पेले, सगळं मी एकटीने उतरवलं. मावशीने विचारलं, रडतेस कशाला? मी म्हटलं, कांदा कापलाय. ती म्हणाली, कांदा दिसत नाहीये कुठे. मग काही विचारलं नाही तिने.

त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

“पाणीही घेत नाहीत गं. तिचा आवाज ऐकला म्हणतात. मला म्हणतात, तू तिला कोंडून ठेवलंयस. तू… दाराबाहेरून एकदाच बोलशील? जेवा म्हण फक्त. पाया पडतो तुझ्या.”

मी सूप करून डब्यात भरलं आणि आश्रमात गेले. लांबलचक, फिनेलचा वास मारणारा व्हरांडा. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले, तो आत गेला.

“आली का?” बाबांनी विचारलं.

“येईल बाबा. बाजारात गेलीय.”

“केव्हाची गेलीय. रोज तू हेच सांगतोस.”

“येईलच आता. तुम्ही दोन घास खाऊन घ्या.”

“ती आल्याशिवाय मी कधी जेवलोय का रे?” बाबा म्हणाले. “येऊ दे. मी थांबतो.”

इतके दिवस सगळे म्हणत होते, म्हातारा जेवत नाही. तो वाट बघत होता! आणि वाट बघायला लावत होतो आम्ही. आधी हा, मग मी.

त्याने आतून मला खूण केली, बोल. मी बोलले नाही. डबा घेतला आणि सरळ आत जाऊन बाबांसमोर बसले.

“काका, त्या दिवशी स्वयंपाकघरातून मी बोलले होते. त्या नव्हत्या. माझं चुकलं.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “मग ती?”

लिफ्टवाला पांढराफटक पडला. “नको,” तो मला म्हणाला. “प्लीज.”

“त्यांना सांग,” मी म्हणाले. “माझ्या तोंडून नको. तू मुलगा आहेस.”

तो पलंगाशी खाली बसला, त्यांचे पाय धरले. “आई गेली, बाबा. आजारी होती. गेली.”

बाबा रडले. तसं रडणं पुन्हा कधी ऐकू नये असं वाटलं, पण पुढे ते मला रोज ऐकावं लागणार होतं. शेवटी त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, “जाताना उपाशी नव्हती ना रे?”

“नाही बाबा. तुम्हीच भरवलं होतंत तिला.”

“मी?”

“हो. चमच्याने.”

बाबांनी मान हलवली. मग माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बोट केलं. मी झाकण काढलं. त्यांच्या हातात चमचा राहीना, म्हणून तो मीच धरला. अर्धा डबा गेला.

त्यांना डोळा लागला तेव्हा आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो.

“उठले की विसरलेले असतील,” तो म्हणाला. “परत विचारतील.”

“परत सांगायचं.”

“रोज? रोज मारायचं तिला?”

“रोज वाट बघायला लावण्यापेक्षा बरं.”

तो ओंजळीत तोंड घालून बसला. “मला एकट्याला नाही जमणार गं.”

“एकट्याने सांग असं कोण म्हणतंय?”

त्याने मान वर केली. “तू कोण म्हणून येणार?”

“एवढं पण मीच सांगू?”

“मला तू हवी आहेस,” तो म्हणाला. सरळ, न अडखळता. “पण लग्न करून तुला देणार काय मी? सकाळी उठून एका म्हाताऱ्या माणसाला रडवायचं, बस.”

“आणि मग जेवायला घालायचं,” मी म्हणाले. “मला चालेल. माझं प्रेम आहे तुझ्यावर, मठ्ठ कुठला!”

त्याने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात आतून हाक आली.

“कुणी आहे का रे? ती कुठे गेली?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही आत गेलो.