थंडीचं तळं

सकाळी किमया वावरात उतरली आणि जागच्या जागी थांबली.

खालच्या वाफ्यांवर कुणी मीठ सांडून गेल्यासारखं दिसत होतं. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडांना पांढरे कण. तिने बोट लावलं. चटकन पाणी झालं.

बर्फ होतं ते!

महाबळेश्वरच्या डोंगरात असं बर्फ दिसतं, पण डिसेंबर उलटल्यावर. आता तर नोव्हेंबर नुकता लागला होता. आणि गंमत अशी की ते फक्त यांच्याच वावरात होतं. वरच्या बांधापलीकडे हणमंतनानांचं वावर, तिथे नुसतं दव. खाली कुंपणापलीकडच्या उतारावर गवत ओलं, हिरवंगार.

नाना बांधावरून ओरडले, "काय रं दिगंबरा, हिमालयाला तुझाच पत्ता दिलाय का कुणी?"

किमयाचे पप्पा हसले नाहीत. ते एकेक फूल उलटून बघत होते. ज्या फुलाला बर्फ लागतं त्याचा मधला पिवळा भाग काळा पडतो, आणि काळ्या फुलाला फळ धरत नाही.

वावरात टिटवी उभी होती. टिटवी म्हणजे शाळेचा हवामान-रोबो. तीन लांब पाय, वर वाटीएवढं डोकं. ती दर आठवड्याला एकेकाच्या वावरात मुक्कामाला असायची. या आठवड्यात पाळी यांची होती.

"टिटवे, रात्री किती होतं?" पप्पांनी विचारलं.

"सर्वांत कमी, सहा अंश," टिटवी म्हणाली.

"पाणी गोठतं शून्याला. सहाला बर्फ होतं का कधी? किमया, तुझ्या शाळेला सांग, पाखरू बिघडलंय."

मोजमापाचं टिटवी विचारलं तेवढंच सांगायची.

पप्पा खाली कुंपणापाशी गेले. गवे वावरात शिरू नयेत म्हणून त्या गावात सगळेच कुंपणाला जुन्या साड्या बांधतात. फडफडणारं कापड दिसलं की गवे बिचकतात. पण पप्पांचं कुंपण वेगळं होतं. पावसाळ्यात किमयाची आई गेली. तिच्या साड्या कुणाला देऊन टाकायला पप्पांचं मन होईना. त्यांनी त्या सगळ्या खालच्या बाजूला बांधल्या. एकीला एक चिकटून. खालचे काठ दगडांनी दाबून.

"ती राखण करील," एवढंच तेव्हा म्हणाले होते.

आता त्यांनी साड्यांवरून हात फिरवला. "खालून गार वारा येत असणार. इथे फट राहिलीय बघ." घरी जाऊन पेटी उघडली. तळाशी दोन साड्या उरल्या होत्या. एक मोरपंखी, एक अबोली. त्या आणून त्यांनी सगळ्या फटी बुजवल्या.

"अजून एकदा असं झालं ना," ते गाठ मारताना म्हणाले, "तर रोपं उपटायची. पुण्याला आत्याकडे जायचं. मला काही तरी काम मिळेल तिथे."

पुण्याला आई नव्हती. इथेही नव्हती, पण इथे तिच्या साड्या होत्या, तिने लावलेला पेरू होता.

दुसऱ्या दिवशी बर्फ आणखी जास्त पडलं. काल चार वाफे पांढरे होते, आज निम्मं वावर.

पप्पा बांधावर बसून राहिले.

किमया टिटवीसमोर जाऊन उभी राहिली. "आत्ता किती?"

"पाच अंश."

"खोटं!"

"मी खोटं सांगत नाही. मी मोजते ते सांगते."

"कुठे मोजतेस?"

"डोक्यात."

किमयाने मान वर केली. टिटवीचं डोकं पप्पांच्या डोक्यापेक्षाही उंच होतं. आणि स्ट्रॉबेरीचं रोप? जेमतेम वीतभर.

"खाली बस," किमया म्हणाली. "बसता बसता सांगत राहा."

टिटवीने पाय दुमडायला सुरुवात केली. "पाच. चार. तीन..." डोकं किमयाच्या कमरेशी आलं. "एक." पानांना टेकलं. "उणे एक. शून्याच्याही खाली."

पप्पांनी मान वळवून बघितलं.

"असं कसं? वर पाच आणि खाली उणे?"

आता विचारलं होतं, तेव्हा टिटवी सांगू लागली. "दिवसभर जमीन आणि पानं उन्हाने तापतात. रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. याला प्रारण म्हणतात (उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडणं). ढग असले की ते गोधडीसारखं काम करतात, थोडी उष्णता परत खाली पाठवतात. परवापासून आकाश मोकळं आहे. गोधडीच नाही. पानं भराभर गार होतात, त्यांना लागून असलेली हवाही गार होते. मग हवेतली वाफ पानावर येऊन थेट बर्फ बनते. हे बर्फ वरून पडत नाही. जागेवरच तयार होतं."

"मग नानांकडे का नाही? त्यांच्यावरही तेच आकाश आहे की!"

"गार हवेची घनता जास्त असते (तेवढ्याच जागेत जास्त हवा दाटलेली असते). म्हणून ती जड. जड हवा उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते. नानांचं वावर वर आहे. तिथली वाहून जाते."

"आमच्याकडून का नाही वाहत?"

"ते मला माहीत नाही. तू बघ."

संध्याकाळी ऊन गेलं, वारा पडला. किमयाने घरातलं धुपाटणं आणलं. निखाऱ्यावर धूप टाकला आणि ते नानांच्या बांधाखाली ठेवलं. नाना, पप्पा, टिटवी, सगळे बघत होते.

"शेताची आरती चाललीय काय गं?" नाना म्हणाले.

धूर आधी थोडा वर गेला. मग गार झाला, वाकला आणि जमिनीलगत चालू लागला. वाफ्यांवरून, रोपांवरून, हळूहळू खाली. जसं पाटाचं पाणी. खालच्या कुंपणाशी पोचला आणि थांबला.

मागून आणखी धूर येत राहिला. साड्यांच्या आतल्या बाजूला तो साचत गेला. आधी घोट्याएवढा, मग गुडघ्याएवढा. मोरपंखी साडीचा काठ त्यात बुडून गेला.

नाना बांधावरून खाली उतरले.

"धरण," किमया हळूच म्हणाली. "पप्पा, हे थंडीचं तळं आहे."

पप्पा त्या धुराकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी तिच्याच साड्या लावून... आणि काल अजून घट्ट केल्या." ते पुढे झाले आणि पहिली गाठ सोडू लागले.

किमयाला नीट आठवलं. आई वावरात उतरली की आधी काय करायची?

"पप्पा, सोडू नका. सगळ्या काढल्या तर गवे येतील. थंडी जमिनीलगत वाहते ना? मग खालून वाट द्यायची." तिने दगड बाजूला केला. अबोली साडीचा काठ उचलला, कमरेएवढा वर घेतला आणि कुंपणाच्या काठीत खोचला. "आई काम करताना अशीच खोचायची."

पप्पांचे हात थांबले. मग ते वाकले आणि पुढच्या साडीचा दगड काढला. नाना तिसऱ्या साडीकडे गेले. एकेक काठ वर गेला, तसा धूर खालून सरकत पलीकडच्या उतारावर निघून गेला.

सकाळी टिटवी पानांशी बसलेलीच होती.

"किती?" पप्पांनी विचारलं.

"दोन अंश. शून्याच्या वर."

पानांवर बर्फ नव्हतं. दव होतं. पप्पांनी एक फूल उलटलं. मधला भाग पिवळा होता.

त्यांनी ते फूल हळूच सोडलं. मग म्हणाले, "आत्याला फोन करतो. यंदा तूच ये म्हणावं, स्ट्रॉबेरी खायला."

टिटवी उठून उभी राहिली. "वर हिमालयात माझ्यासारखे रोबो आहेत. तिथे जूनमध्येसुद्धा बर्फ पडतं. ते ढगातून येतं, त्याला आपण अडवू शकत नाही. पण तिथल्या जर्दाळूच्या बागांना दगडी भिंती आहेत, आणि तिथला मोहोर स्वच्छ रात्री थंडीने करपतो. तुझं तळं त्यांना कळवू का?"

"कळव," किमया म्हणाली. "आणि सांग, भिंत पाडू नका. खालून वाट ठेवा."

खाली कुंपणावर साड्या हलत होत्या. काठ वर खोचून, कामाला उभ्या असल्यासारख्या.