हसू आणि चौदा दिवस

वसतिगृहात चौसष्ट खोल्या होत्या. मे महिन्यात उघडी फक्त एक. प्रयोगशाळेत खुर्च्या नऊ, बसणारी शाल्मली एकटी. पडद्यावर स्मृतिगाठी अडतीस. सदतीस सुटल्या होत्या, उरली आनंदा शेलारांची.

प्रत्येक आठवण म्हणजे मेंदूतली विद्युत्प्रवाहाची एक वेटोळ्यासारखी बंद वाट, हे तोवर शाळकरी मुलांनाही माहीत झालं होतं. दोन वाटा एकमेकींत अडकल्या की एकीमागून दुसरी आठवे. हीच स्मृतिगाठ. अडकलेल्या वाटा एकमेकींना झिजवत आणि वर्षभरात दोन्ही पुसल्या जात. यंत्र त्या सरकवून वेगळ्या करी. पण न कापता सुटतील का, हे आधी गणिताने ठरवावं लागे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या शाल्मलीचा उन्हाळी प्रकल्प तोच होता.

आनंदा ट्रकवर ताडपत्री बांधत. त्यांची बायको हौसा आठ महिन्यांपूर्वी गेली होती. वेळ अकराची दिली तरी ते नऊलाच येऊन बसत.

"घरात कुणाशी बोलायचं?" ते म्हणत. "हौसाचं हसणं आठवाय गेलं की दवाखान्यातले शेवटचे चौदा दिवस येत्यात. दोन्ही ऱ्हाऊ देत, फकस्त येगळं करा."

"होईल, काका. वाटा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे वळणाप्रमाणे अधिक एक किंवा उणे एक धरायचं. तुमच्या गाठीत दोन अधिक, दोन उणे. आरशात धरून, म्हणजे चिन्हं उलटी करून मोजली तरी बेरीज शून्य. म्हणजे वाटा सुट्या आहेत."

टेबलावर त्याच गाठीचा नमुना होता : बुटांच्या दोन नाड्या, टोकं जोडून केलेली दोन वेटोळी. आनंदा तो चाळवत बसले.

"पोरी, ही सुटंना की."

"ओढू नका, सरकवा."

"तीस वर्षं दोऱ्या सोडल्यात. मला शिकवतीस व्हय?"

शाल्मलीने दुपारपर्यंत स्वतः खटपट केली. सुटली नाही. बेरीज शून्य म्हणजे सुटं, असं तिने धरलं होतं. अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकत होते. अडकणं तसंच राहत होतं. तिने पुन्हा गणित मांडलं. किमान छेद : एक.

"काका, माझं चुकलं. एक वाट कापावीच लागेल. कापलेली पुन्हा जुळत नाही, ती आठवण जाते. कुठली कापायची, ते तुम्हीच सांगा."

आनंदा बराच वेळ नाडीचा पीळ चाचपत राहिले.

"हसणं काप."

"काका, अहो…"

"हसताना तिला सगळ्या गल्लीनं बघितलंय. चौदा दिवस त्या खोलीत आमी दोघंच हुतो. मी इसरलो तर ते कुणाकडं ऱ्हाईल?"

शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने चाचणी झाली. अनोळखी आवाजाला मेंदूचा प्रतिसाद शंभरात चार येतो. हौसाच्या हसण्याचं ध्वनिमुद्रण आनंदांना तीनदा ऐकवलं. शाल्मलीने वहीत आकडे लिहिले : चार, चार, चार.