भट्टीपुढची मोकळी जागा

टोकावड्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत ढाब्यांवर जिथं जिथं 'चुलीवरचं जेवण' असं लिहिलेलं दिसतं, त्यातल्या निम्म्या पाट्या हरेश पेंटरच्या हातच्या. अक्षर झकास, आणि त्याचा त्याला थोडा माजही होता. कोणी भुताखेताचं काढलं की म्हणायचा, "भिंतीवर आपोआप जे उमटतं ना, ती ओल असते. प्रायमर नीट मारा, एक भूत यायचं नाही." तर असा हा माणूस. नवसाला न जाणारा, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच शिव्या घालणारा. म्हणून तर त्याच्या बाबतीतलं सांगायचं.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला वैशाखऱ्याच्या पुढं, आत एका पाड्यावरच्या शाळेचं काम मिळालं. उत्तरेच्या लांबलचक भिंतीवर गावातले कारागीर काढायचे होते. कुंभार, सुतार, लोहार. शाळेला कुलूप, भातकापणी जोरात, त्यामुळं दिवसा पाड्यात म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नाही. हरेशला असलं काम मनापासून आवडायचं. मोटारसायकलला डबे बांधून सकाळी यायचं, मोबाइलवर गाणी लावायची, कापलेल्या भाताचा वास घेत रंगवत बसायचं. मध्येच उठून 'जरा निळा जास्त टाका' सांगणारा शहाणा आसपास नाही, म्हणजे सुखच.

कुंभार झाला, सुतार झाला. लोहार तर त्याच्या हातचा मळ. आजवर कितीतरी शाळांवर काढला होता आणि सगळीकडं एकच. उभा, उघडाबंब, पिळदार दंड, झुपकेदार मिशा, घण पार डोक्याच्या वर. कॅलेंडरवर तोच असतो, मुलांच्या पुस्तकात तोच असतो, म्हणून भिंतीवरही तोच. हरेशनं खडूनं मिशी फिरवली आणि मागून कोणीतरी खो खो हसलं.

"अगो बाय! हा कुठच्या तालमीतला रे?"

समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई पाय सोडून बसल्या होत्या. साठी ओलांडलेली, पण अंगानं ताठ. सकुबाई. पाड्यातला शेवटचा लोहार धाऊ, त्याची ही बायको. धाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागल्या पडवीतली त्याची भट्टी तेव्हापासून थंड होती आणि तिच्या राखेत आता कोंबड्या अंडी घालत होत्या.

"लोहार आहे, काकी," हरेश जरा घुश्शातच म्हणाला.

"लोहार उभा राहून कोणाचा डोका फोडतो? लोहार बसतो. डाव्या हातात सांडशी, उजव्यात बारकी हातोडी. तो हातोडीनी टोक-टोक वाजवून दावतो कुठं मारायचं ते, न् घण मारते बायको. उभी असते ती बायको. मी मारलाय इथं, पोटुशी असताना पण मारलाय. चित्रात कधी आमाला काढलंय का रं कोणी?"

हरेश काही आकस धरणारा माणूस नव्हता. त्यानं ओल्या फडक्यानं पैलवान पुसला आणि म्हणाला, "बरं काकी. तुम्ही सांगा, मी काढतो. धाऊकाकांचाच चेहरा घालू. फोटो द्या."

सकुबाईंचं हसणं तिथंच थांबलं. फोटो नव्हता. रेशन कार्डावर होता तो एका पावसाळ्यात गळक्या कौलाखाली भिजून नुसता डाग उरला होता. त्या जवळ आल्या, आणि कोणी ऐकत नाही ना असं बघून बोलल्या.

"खोटं कशाला बोलू. मला त्याचा तोंड आठवत नाय. हात आठवतात, नखं पण आठवतात. डोळे मिटले की हातांच्या वर काळोख. एवढा संसार केला न् माणसाचा तोंड हरवलं. लोकांना काय सांगू? लाज वाटते रे." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "तू काढ. काढता काढता येल मला. मरायच्या आधी एकदा बघायचंय."

हरेशचा जीव गलबलला. चहा झाल्यावर त्यानं मोठ्या हौसेनं ब्रश हातात घेतला, तर सकुबाई म्हणाल्या, "आधी विस्तव काढ. मंग बाकीचा येत जाईल."

त्यानं आधी विस्तव काढला. शेंदरी, त्यावर पिवळा, मधोमध पांढऱ्याचा एकच फटकारा. मग ऐरण, भाता, पाण्याची दगडी डोण. मग सकुबाईंनी सांगितले तसे हात, लांब बोटांचे. मांडी घालून बसलेलं अंग. मानेच्या वर मात्र रिकामी तपकिरी गोलाई. खडूनं कितीतरी चेहरे आखून दाखवले, आणि प्रत्येकाला सकुबाई 'नाय' म्हणत मान हलवत राहिल्या.

"आणि तुम्ही? घण मारणारी कुठं उभी करू?"

"माजी जागा मोकळी ठेव. मी अजून हाय की जिवंत."

दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी हरेश आला तर त्या गोलाईला एक कान होता.

त्यानं काढलेला नव्हता. नीट निरखला. ब्रशचा फराटा कुठं दिसेना. काजळी बोटानं चोळून बसवावी तसा, पण बेतशीर, पाळीला बाळीचं जुनं भोक असलेला. पाड्यात कोणीतरी चांगला हात असलेला कलाकार आहे म्हणायचं, असं मनाशी बोलून तो हसला. सकुबाईंना विचारलं तर त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी कशाला काढू? मला साधी रांगोळी जमत नाय."

मग भुवई आली. मग नाकाचं हाड. हरेश रोज संध्याकाळी भिंतीचा फोटो मोबाइलवर काढून जायचा आणि सकाळी ताडून बघायचा. आदल्या दिवशी नसलेलं काहीतरी असायचंच. विस्तवाचा रंगही वाळत नव्हता. थंडी पडायला लागली आहे, तेल जास्त झालं असेल, असं म्हणून त्यानं तिथं हाताचा तळवा टेकवला आणि झटकन मागं घेतला. भिंत भाजत होती. ऊन लागलं असेल, हे त्याच्या मनात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ हेही आलं की भिंत उत्तरेची आहे. त्यानं हात पँटला पुसला आणि त्या दिवशी कुंभाराच्या मडक्यांना नक्षी काढत बसला.

सकुबाई मात्र दिवसादिवसाला उजळत होत्या. केसांना तेल, चांगलं लुगडं, तोंडात कसलंसं गाणं. शेजारची काशी कापणीतून विळा बोथट झाला म्हणून कुरकुरत आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेव इथं भिंतीपाशी." दुपारी काशी विळा उचलायला आली आणि तिनं तोंडातच बोट घातलं. धार अशी की भाताचा मुठीएवढा पेंढा नुसता टेकवला तर कापला जात होता. मग काय, बाया एकामागून एक विळे आणू लागल्या.

"कोणी केली धार, काकी?" हरेशनं विचारलं.

"आमी दोघांनी," सकुबाई म्हणाल्या आणि तळहातांना खोबरेल चोळू लागल्या. तळहातांवर ताजे फोड होते. हरेश पाणी प्यायच्या निमित्तानं पडवीत डोकावून आला. भट्टीत थंड राख, राखेत अंड्यावर बसलेली कोंबडी. ती त्याच्यावर खेकसली.

चेहरा पुरा झाला त्या दिवशी पाड्यात नुसता आनंद होता. शेतावरून येणारं प्रत्येक माणूस थांबत होतं. "धाऊच की रे! हुबेहूब!" "बोलेल आता!" शाळेच्या मोठ्या बाई मुद्दाम टोकावड्याहून आल्या आणि हरेशच्या हाताचं कौतुक करून गेल्या. हरेशनंही ते कौतुक निमूट खिशात घातलं. चेहरा आपण काढला नाही हे तो कोणाला सांगणार होता, आणि कोणत्या तोंडानं? शिवाय सकुबाईंकडं बघून त्यालाही बरं वाटत होतं. त्या ओट्यावर बसून भिंतीकडं बघत होत्या, आणि नव्या नवरीसारख्या मध्येच खाली बघत होत्या.

दोन दिवसांनी आटगावहून धाऊचा धाकटा भाऊ भगीरथ आला. कोणीतरी फोनवर सांगितलं होतं, भावाचं चित्र बघायला ये म्हणून. स्टेशनाजवळ ग्रिल-वेल्डिंगचं दुकान चालवणारा, पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा माणूस. सकुबाई चहा टाकायला आत गेल्या. भगीरथ चष्मा पुसून भिंतीपुढं उभा राहिला.

"हा कोण?"

"म्हणजे?" हरेश म्हणाला. "धाऊकाका. तुमचे भाऊ."

"माजा भाऊ मला ठाऊक नाय का? धाऊचा नाक बसका होता. लहानपणी मीच ढकलला होता त्याला ऐरणीवर. कान कधी टोचले नाय त्याचे." तो एक पाऊल मागं सरकला. "ह्या माणसाला मी कधी बघितला नाय."

"पण सगळा पाडा म्हणतोय..."

"पाडा विसरला. आता समोर बघतात तेच खरं मानतात."

भगीरथचं लक्ष आता विस्तवाकडं होतं.

"आधी काय काढलंस? माणूस का विस्तव?"

"विस्तव."

"माणूस बसवायच्या आधी?"

"हो. काकींनीच सांगितलं."

भगीरथ खाली बसला. उकिडवा, हात गुडघ्यांवर.

"आमच्यात लोहार जागेवर बसल्याबिगर भट्टी पेटवीत नाय. मध्ये उठला तर जागेवर सांडशी आडवी ठेवून उठतो. पेटती भट्टी न् मोकळी जागा असली, की बसणारा बसतो."

"कोण बसतं?"

"ते कधी कोणी विचारलं नाय." तो उठला. "पुसून टाक. आजच."

चहा न घेताच तो रस्त्याकडं चालू लागला. एस.टी.ला अजून वेळ होता, तरी थांबला नाही.

हरेशनं पांढऱ्याचा डबा उघडला. रुंद ब्रश बुडवून वर बघतो तर सकुबाई भिंतीला पाठ लावून उभ्या. हातात चहाची बशी.

"पुसू नको."

"काकी, बाजूला व्हा. भिंत गरम आहे, भाजेल."

"नाय भाजत मला."

"काकी, ऐका. ते धाऊकाका नाहीत."

"ठाऊक हाय," सकुबाई म्हणाल्या.

कुठूनतरी झोडणीचा आवाज येत होता. त्यांच्या तोंडावर जराही घालमेल नव्हती.

"धाऊचा तोंड मला आठवला. पयल्या कानालाच कळलं, हा तो नाय म्हणून. तेव्हाच आठवला. बसका नाक, बारीक डोळे, सगळा." त्या समाधानानं हसल्या. "तेवढ्यासाठी तुजे उपकार हायत. पण खरं सांगू? धाऊ चांगला होता, पण अख्ख्या संसारात माज्याशी बोलला तो हातोडीनी. टोक वाजलं की मार. टोक थांबलं की थांब. आंधळ्यासारखी मारत राहिले."

त्यांनी भिंतीवर मागं हात टेकवला, अगदी त्या लांब बोटांवर.

"हा रोज विचारतो, 'जेवलीस का गो?'"

हरेशनं ब्रश फडक्यात गुंडाळला. त्यानं झाकण बसवलं. डबे बांधले. काकींसाठी सोडलेल्या त्या मोकळ्या जागेकडं बघायचं नाही असं ठरवून तो मोटारसायकलपाशी गेला. किक मारली, एकदा, पुन्हा एकदा. गाडी लागेना.

"हरेश," मागून सकुबाईंची हाक आली. मायेनं, घरच्या माणसाला मारावी तशी.

त्यानं वळून बघितलं नाही.

"काल तुजा नाव विचारत होता तो. घर कुठं, घरात कोण कोण, सगळा विचारत होता. सांगितला मी."