शकुच्या नावाची नळी

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा बापा, मी कुणाला पटवायला बसले नाही. पण हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीसोबत, प्रणोतीसोबत घडलंय. इथेच, जबलपुरात, मागच्या दिवाळीच्या सुट्ट्यांत. आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती.

प्रणोती इथल्या एका विद्यापीठात जनुकांवर संशोधन करते. गावोगावी जाऊन लोकांचं रक्त आणायचं, त्यात सिकलसेल, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आला की होणारा, सांधे दुखवणारा रक्ताचा आजार आहे का ते बघायचं, कुणाचं रक्त कुणाशी जुळतं ते कॉम्प्युटरवर लावायचं, हे तिचं काम. पोरगी हुशार. पण चार लोकांत चूक कबूल करायची म्हटलं की जीव जातो तिचा.

त्या दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात जवळच्या सिहोऱ्याला रक्ततपासणीचं शिबिर होतं. तिथे शकु भेटली. पोटुशी होती. नवऱ्यात सिकलसेलचा दोष निघालेला, म्हणून घाबरलेली.

"अव माय, मराठी बोलता काय तुमी?" ती एकदम खुश झाली. "मंग मले तुमीच सांगजा ताई, काय निंगते ते."

शीर सापडेना. प्रणोतीनं बिचारीला तीनदा टोचलं. शकु डोळे मिटून बसून राहिली, हूं का चूं नाही.

आणि परतताना बसस्टँडवर रक्ताच्या नळ्यांची पेटी कलली. एकच नळी बाहेर पडली. झाकण उडालं, रक्त सांडलं. नळी घरंगळत गेली...

शकुचीच.

परत जाऊन पुन्हा टोचायचं? लॅबच्या अनिमेष सरांना काय सांगायचं? प्रणोतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लॅबमध्ये आली, दार लावलं आणि स्वतःच्या हातातून रक्त काढलं. ते शकुच्या नावाच्या नळीत भरलं.

रिपोर्ट चांगला आला. येणारच होता ना! आणि तो शकुला पोचलाही.

दिवाळीच्या तोंडावर प्रणोतीसोबत काम करणारा स्वप्निल सिहोऱ्याहून आला.

"अरे यार, ती शकु गेली. बाळंतपणानंतर अंग दुखून दुखून. घरचे दवाखान्यात सगळ्यांना आपलाच रिपोर्ट दाखवत राहिले, हिला सिकलसेल नाही म्हणून. तान्ही मुलगी आहे मागे."



सुट्टी लागल्यावर प्रणोती एकटीच लॅबमध्ये गेली. ती नळी फेकून द्यायला. हो, फेकून द्यायलाच! मला हे सांगताना तिनं मान वर केली नाही.

फ्रीजर घरघरत होता. तिनं दाराला हात लावला...

घरघर थांबली.

दिवा चालू. पंखा फिरतोय. पण आवाज कशाचाच नाही. रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा नाही.

मग मागे काहीतरी घरंगळलं.

हळूहळू... फरशीवरून... तिच्याकडे.

टाचेला लागून थांबलं.

तिनं खाली पाहिलं. काहीच नव्हतं. टाच मात्र ओली होती. कोमट.

आणि अगदी कानाशी, जराही न रागावता...

"सांडलं होतं तं सांगाचं होतं ना ताई. म्या आणखी देलं असतं."

प्रणोतीनं फ्रीजरचं दार घट्ट धरलं.

"पोरीचं तरी पहा."

घरघर पुन्हा सुरू झाली. नळी न फेकताच ती पळाली.

सकाळी ती स्वप्निलला घेऊन सिहोऱ्याला गेली. बाळाचं रक्त घेतलं. शकुच्या सासूनं चहा केला. "शकु लय नाव घे तुमचं. ताईनं सांगतलं म्हंजे खरंच असन, म्हणे." प्रणोतीनं कप तसाच खाली ठेवला.

बाळाला सिकलसेल निघाला. चलो, वेळेवर कळलं, उपचार सुरू झाले.

पण अनिमेष सरांना शंका आली. आईचा रिपोर्ट चांगला, मग मुलीला आजार आला कसा? त्यांनी फ्रीजरमधली शकुची नळी पुन्हा तपासायला काढली. प्रणोतीनं मनात म्हटलं, आता उघडं पडणार. पडू दे एकदाचं.

निकाल आला...

नळीतल्या रक्तात सिकलसेल होता. आणि कॉम्प्युटर सांगत होता, हे रक्त त्या बाळाच्या आईचंच.

"पहिल्या वेळी मशीनच चुकलं," सर म्हणाले.

तेव्हा कुठे प्रणोतीनं तोंड उघडलं. सगळ्यांसमोर, रडत. "नाही सर. ते रक्त माझं आहे. मी भरलं होतं."

सरांनी तिला पाणी दिलं. "बेटा, तुला धक्का बसलाय. घर जाओ, आराम करो. तुझं असतं तर ही मुलगी तुझी असती ना? आणि हा आजारही तुझा."

कुणी मानलंच नाही. बिचारीला शिक्षासुद्धा मिळाली नाही.

ती अजून सिहोऱ्याला जाते. बाळ तिच्या कडेवरून उतरायला तयार नसतं. सासू म्हणते, हिले मायचा वास येते तुमच्यात. प्रणोती ते ऐकते आणि मान खाली घालते.

मागे ती आमच्याकडे अधारतालला आली होती. मी सरळ विचारलं, "एकदा स्वतःचं रक्त तपासून घे ना. काहून घाबरून राहिली?"

ती नुसती गुडघे चोळत बसली.

थंडी पडल्यापासून तिचे सांधे दुखतात. रात्र रात्र झोपू देत नाहीत.

आधी कधीच दुखत नव्हते.