आप्पांनी शब्द दिला

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण राजनंदिनी हिच्या बाबतीत घडलेली. ती माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. मोजल्याशिवाय काही मानत नाही. तिच्या फोनमधले मेसेज आणि तारखा मी स्वतः पाहिल्या आहेत.

७ एप्रिल २०२४, रविवार. भर दुपार. आळेफाट्यावरचं एक हॉटेल.

मुलगा आणे गावचा, ऋतिक. सात महिने मेसेजवर ओळख, भेट मात्र पहिलीच, मध्यस्थांनी ठरवलेली.

'उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात,' असं त्यानं एकदा लिहिलं होतं. त्या एका वाक्यावर तिनं तीन स्थळं नाकारली. शेवटी तिच्या वडिलांनी, आप्पांनी बजावलं, "हो का नाय, ते आजच सांग. नायतर मी ठरवीन."

ऋतिक पाऊण तास उशिरा आला. डोक्यावर गॉगल. बसायच्या आधीच त्यानं दोन मिसळ सांगितल्या. मग प्लॉटिंगवर बोलू लागला, आणि बोलतच राहिला. दातात अडकलेली शेव त्यानं व्हिजिटिंग कार्डाच्या कोपऱ्यानं काढली.

तेच कार्ड मग तिला दिलं.

तेवढ्यात तिचा फोन थरथरला.

ऋतिकच्याच नावानं मेसेज…

'काय खाणार, हे त्यानं विचारलं का?'

समोर ऋतिकच्या एका हातात पाव होता, दुसऱ्यात चमचा.

"तुमच्या त्या नंबरवरून मेसेज कोण लिहितं?" तिनं विचारलं.

"तो नंबर व्हय? मच्छिंद्रचा, आमच्या दोस्ताचा. मला कुठं टाइम असतो? म्हणलं, तूच पटव." तो हसला. "मेंढरांमागं बसून दुसरं काय काम त्याला!"

"कुठे असतात ते?"

"गेला की. दिवाळीत, ट्रकखाली. फोनचाबी चुरा झाला. तवापासून मेसेज बंद. मला वाटलं, तुमीच रुसलात."

मेसेज एक दिवसही बंद नव्हते.

तिनं तो नंबर लावला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.'

आणि त्याच क्षणी… शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर काहीतरी थरथरलं.

तिनं पाहिलं. खुर्चीवर काहीच नव्हतं.

"मॅडम, फोन वाजतोय तुमचा," वेटर त्या खुर्चीकडे बघत म्हणाला.

ऋतिकला काही ऐकू आलं नाही. तो एनए प्लॉटचे फायदे सांगत होता.

मग दुसरा मेसेज…

'याला नाही म्हणा. मी घरी येतो.'

नाही म्हणायला तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. तिनं तोंडावर सांगितलं आणि उठली.

"ओ, तुमच्यासारख्या छप्पन बघितल्यात!" मागून ऋतिक ओरडला.

ती बोरी बुद्रुकला घरी पोचली, तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. खुशीत.

"पावणं आत्ताच येऊन गेलं बघ. लई नम्र पोरगं. आत काय आलं नाय. पाणीबी नको म्हणालं."

"कोण, आप्पा?"

"मच्छिंद्र म्हणून. तुझी वळख हाय म्हणाला…"

"मग?"

"मग काय! मी शब्द दिला."

याला आता दीड वर्ष झालं. स्थळं अजून येतात. गाडी दारात थांबते… पण उतरत कुणीच नाही. पाच मिनिटांत गाडी वळते. का, ते एकानंही सांगितलेलं नाही.

"उतरून तरी काय दिवे लावणार होते!" राजनंदिनी म्हणते.

हे म्हणताना ती हसते. त्या हसण्याचीच मला भीती वाटते.